बाबूला कोणाच्या परवानगीने बांधलं?

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांची आता डोक्यात खिचडी झाली आहे, पण ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. खून पाहिले, घरफोड्या पाहिल्या, जाम गावच्या चौकात ट्रकमधून चोरीचा माल उतरवला. यातला कोणता आरोपी कोणत्या गुन्ह्यातला, हे आठवायला मला बायकोची मदत लागते. जेवताना माझ्याकडून ऐकून ऐकून तिला सगळं पाठ झालं आहे. या प्रकरणात मात्र खून नव्हता, चोरी नव्हती, फिर्यादीसुद्धा नव्हता. तरी निवृत्तीनंतर पिपरी मेघे गावातल्या घरात निवांत बसलो असताना कोणी विचारलं, की साहेब, नोकरीत काय कमावलं, तर मी हेच सांगतो.

त्या वेळी मी सेलूच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे प्रभारी अधिकाऱ्याला लोक ठाणेदार म्हणतात, आणि ठाणेदार म्हटला की त्याला वर्षभर कुठे ना कुठे पाहुणा म्हणून जावं लागतं. शाळेचं स्नेहसंमेलन असो की व्यापाऱ्यांचा सत्कार, खुर्ची तयार असते. असंच एक बोलावणं आलं ते हद्दीतल्या एका निवासी संस्थेचं. बौद्धिक दिव्यांग असलेली, घरी सांभाळणं शक्य नसलेली मोठी माणसं तिथे राहत. निमित्त होतं तान्ह्या पोळ्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लाकडी नंदीबैलांचा पोळा भरतो. पोरं आपापला नंदी सजवून आणतात आणि चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं. इथे पोरांऐवजी ही मोठी माणसं नंदी घेऊन उभी राहणार होती आणि बक्षीस मी देणार होतो.

सकाळपासून गावात बंदोबस्त होता, त्यामुळे वर्दीवरच गेलो. अंगणात तोरण बांधलं होतं. कोणाच्या नंदीला बेगड, कोणाच्या नंदीला मोरपिसं, एकाने तर नंदीच्या पाठीवर आपला स्वतःचा स्वेटर घातला होता. रांगेच्या शेवटी एक उंच, तिशी ओलांडलेला माणूस बसला होता. त्याचं खरं नाव मी सांगणार नाही. त्याची आई त्याला बाबू म्हणायची, मीही तेच म्हणतो. बाबूच्या नंदीला झूल नव्हती, शिंगांना रंग नव्हता. त्याने नंदीचे पुढचे दोन पाय एका चिंधीने बांधले होते, मागचे दोन दुसऱ्या चिंधीने. नंदीला जमिनीवर उताणं पाडून तो त्याच्या पोटावर थापट्या मारत होता आणि हळू आवाजात म्हणत होता, "उगा राय. उगा राय."

पाहुणे हसले. कोणीतरी म्हणालं, "बैल पयून जाईन म्हनून बांधला वाटते." मी जवळ जाऊन उकिडवा बसलो. बाबूने माझ्या खाकी शर्टाकडे पाहिलं. नंदी बाजूला ठेवला, दोन्ही मनगटं एकमेकांना जोडून माझ्यासमोर धरली, डोळे मिटले आणि तिथेच जमिनीवर आडवा होऊ लागला.

असे हात पुढे करणारे मी पाहिले होते. आत-बाहेर करून सरावलेला गुन्हेगार शिपाई दिसला की सांगण्याआधीच मनगटं जोडतो. पण हा माणूस कधी ठाण्याची पायरीही चढलेला नव्हता. मी मागे वळून पाहिलं. संस्थेचे काळजीवाहक भिंतीला टेकून उभे होते. त्यांच्या अंगावरही खाकीच होती.

मोरपिसांच्या नंदीला पहिलं बक्षीस दिलं, बुंदी खाल्ली, दोन शब्द बोललो आणि निघालो. खबरी नेहमी बोलूनच खबर देतो असं नाही. ठाण्यात आल्यावर डायरीला नोंद घेतली आणि दुसऱ्या दिवशी एका महिला हवालदाराला घेऊन, साध्या कपड्यांत, परत त्या संस्थेत गेलो. ही हवालदार फार बोलत नसे, पण समोरच्याला बोलतं करायची तिला छान हातोटी होती.

चौकशीत मी आधी हाताने काम करणाऱ्याला गाठत असे आणि साहेबाला शेवटी. हाताने काम करणाऱ्याला खोटं बोलायला वेळ मिळत नाही. बाबूच्या दालनावर एक पन्नाशीचा दणकट माणूस होता. सगळे त्याला मामा म्हणत. मी त्याला सरळच विचारलं, बाबूला बांधता का?

"हो साहेब, बांधतो," तो म्हणाला. लपवायचं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "दुपारचं जेवन झालं का खाटेले बांधतो."

"काऊन?"

"पयून जाते ना. दुपार झाली का गेटाकडे सुटते. दोघं धरा लागते."

"आणि सोडता कधी?"

"चहाच्या टायमाले. कधी लवकर, कधी उशीर. हाताले काम असलं तं राहून जाते." मग त्याने खिशातून एक घडी केलेली, धुतलेली पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. "हे पाहा. दोरीनं नाई बांधत मी. माह्या बायकोचे जुने लुगडे फाडून पट्ट्या आनतो, त्याच्या हाताले काचू नाई म्हनून."

पट्टी खरोखर मऊ होती. हा माणूस दुष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दोन कानाखाली देऊन गाडीत बसवायचे दिवस आता गेले, पण निदान कोणावर रागवायचं ते तरी कळलं असतं. मी पट्टी त्याला परत दिली आणि संस्थाचालकांच्या खोलीकडे गेलो.

संस्थाचालक निवृत्त मुख्याध्यापक होते. माणूस स्वच्छ, कडक, पै-पैशाला जपणारा. त्यांना सगळे सर म्हणत, मीही म्हणालो. त्यांनी चहा मागवला आणि माझा प्रश्न पुरता होण्याआधीच उत्तर दिलं.

"परवानगी आहे."

"कोणाची?"

"पालकांची. प्रवेश घेतानाच घेतो. रहिवाशाच्या सुरक्षिततेसाठी संस्था योग्य तो उपाय करील, आमची हरकत नाही, असं सगळ्यांकडून घेतो. शिवाय डॉक्टरांनीही सांगितलेलं आहे, गरज पडली तर बांधा."

"डॉक्टरांनी केव्हा सांगितलं?"

"आला तेव्हा. बरीच वर्षं झाली."

"त्यानंतर डॉक्टरांनी त्याला पाहिलं?"

"ताप-खोकला असला की पाहतात."

"म्हणजे आज दुपारी त्याला बांधायचं, हे आज कोणी ठरवलं?"

सर माझ्याकडे जरा कीव आल्यासारखे पाहत म्हणाले, "आज ठरवायचा प्रश्नच येत नाही. ते ठरलेलंच आहे."

मी काही बोलण्याआधी त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. फाटकासमोरून जिल्हा मार्ग जातो. कापसाच्या गाड्या, रेतीचे टिप्पर, सगळी रहदारी तिथूनच. काही वर्षांपूर्वी त्यांचा एक रहिवासी त्या रस्त्यावर गाडीखाली आला होता. जीव वाचला, पाय गेला. त्या दिवशी गावाने सरांना याच खोलीत घेराव घातला होता. "तेव्हा मला कोणी विचारलं नाही, की बांधलं का होतं," सर म्हणाले. "तेव्हा सगळे विचारत होते, मोकळा का सोडला. ठाणेदार साहेब, तुम्ही केस करा. मी संस्थेला कुलूप लावतो आणि चाव्या तुमच्या टेबलावर आणून ठेवतो. मग सांभाळा सगळ्यांना ठाण्यात."

धमकी होती, पण पोकळ नव्हती. माणूस भीतीने बोलत होता आणि भीती खरी होती.

बाबूची आई सेलूच्या पलीकडच्या एका खेड्यात एकटी राहत होती. नवरा कधीच गेलेला. दुसऱ्याच्या वावरात निंदण, कापूस वेचणं, यावर पोट. आम्ही गेलो तेव्हा ती नुकतीच कामावरून आली होती. "जय भीम साहेब," म्हणत तिने खाटेवरची गोधडी सारखी केली, आम्हाला बसवलं, पाणी दिलं. पोलीस दारात पाहून ती घाबरली नाही. मुलाचं नाव काढल्यावर मात्र घाबरली.

हवालदाराने विचारलं, "त्याला बांधतात हे माहीत आहे का तुम्हाला?"

"माहीत हाय." ती पदराशी चाळा करू लागली. "मी जाते तवा सोडून ठेवतात. पन मनगट दिसते ना, बाई."

"मग तक्रार का नाही केली?"

"तक्रार केली तं ते त्याले घरी धाडतीन. मी वावरात गेल्यावर त्याले कोन पाहीन? मले बी त्याले खाटेले बांधूनच जा लागन." आता ती माझ्याकडे वळली. "तेथं दोन टाईम जेवन हाय. मामा हाय. तुम्ही केस करू नका, साहेब. माह्या पोराचा तेवढा ठिकाना राहू द्या."

तिचा अंगठा त्या परवानगीवर होता हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "असन. मले वाटलं दवाखान्यासाठी हाय."

परत येताना गाडीत मी विचार करत होतो. कायद्याने पाहिलं तर बेकायदेशीरपणे डांबून ठेवल्याचं कलम सरळ लागत होतं. गुन्हा दाखल केला असता तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला असता, वरून शाबासकीही आली असती. आणि बाबू खाटेवरच राहिला असता, फक्त खाट आईच्या घरातली असती. मला बाबू सुटलेला हवा होता आणि त्याचा ठिकाणाही शाबूत हवा होता. दोन्ही एका वेळी कसं साधायचं ते सुचत नव्हतं, आणि न सुचलं की माझं डोकं तापतं.

गाव जवळ आल्यावर हवालदार म्हणाली, "साहेब, हा पळून जातो कुठे?"

मी चालकाला गाडी थांबवायला सांगितली. फरार आरोपीच्या मागावर निघताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. तो जाणार कुठे? सासरवाडी, जुना धंदा, एखादी ओळखीची बाई, काहीतरी ठिकाण असतंच. ठिकाण कळलं की अर्धं काम झालं. इथे एक माणूस वर्षानुवर्षं रोज दुपारी एकाच वेळी पळू पाहत होता आणि तो कुठे जातो हे ना मामाला माहीत, ना सरांना. आम्ही गाडी तशीच संस्थेकडे वळवली आणि दोघांनाही विचारलं. मामा म्हणाला, "तिकडं." सर म्हणाले, "रस्त्यावर." पण रस्त्यावर कोणी जात नसतो, रस्त्यावरून कुठेतरी जात असतो. दर वेळी त्याला फाटकातच धरलं होतं, त्यामुळे पुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

"सर, मला एक दुपार द्या," मी म्हणालो. "त्याला बांधायचं नाही, अडवायचं नाही. काही झालं तर जबाबदारी माझी. डायरीला तसं लिहूनच येतो."

सर कबूल झाले, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी एक शिपाई फाटकाबाहेर झाडाखाली, दुसरा रस्त्याच्या पलीकडे, असे साध्या कपड्यांत उभे केले. मोठ्या आरोपीसाठी लावावा तसा सापळा लावला होता, फरक इतकाच की या वेळी कोणाला पकडायचं नव्हतं. जेवण झाल्यावर बाबू आपणहून खाटेवर आडवा झाला आणि त्याने हात पुढे केले. मामा पट्टी हातात घेऊन उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बाबूने थोड्या वेळाने डोळे उघडले, आपल्या हातांकडे पाहिलं, मामाकडे पाहिलं आणि तसाच पडून राहिला. आता हा उठतच नाही की काय, असं मला वाटू लागलं.

मग दुपारची वीज आली. पंखा फिरला. आणि थोड्याच वेळात रस्त्यापलीकडून पिठाची चक्की सुरू झाल्याचा आवाज आला. पट्ट्याचा तो थडथडाट गावात सगळ्यांच्या इतका कानात बसलेला, की कोणाला ऐकूच येत नाही. बाबू उठून बसला. त्याने चपला घातल्या. तो धावला नाही. कोणी धरायला येत नव्हतं, मग धावायचं कशाला. तो साध्या चालीने अंगण ओलांडून फाटकातून बाहेर पडला. मामाचे पाय आपोआप निघाले, तेव्हा मी त्याचा खांदा धरून ठेवला. रस्त्यावर आमच्या शिपायाने हात दाखवून एक टिप्पर थांबवला. बाबूने ना टिप्परकडे पाहिलं ना शिपायाकडे. सरळ पलीकडे गेला, किराणा दुकानाच्या मागे वळला आणि चक्कीत शिरला.

आम्ही पोहोचलो तेव्हा तो चक्कीच्या लाकडी खोक्याला दोन्ही तळवे लावून बसला होता. खोकं थरथरत होतं, त्याचे हात थरथरत होते. मग त्याने गालही त्या लाकडाला लावला. चेहऱ्यावर पीठ उडत होतं. इतकं समाधान मी माणसाच्या तोंडावर फार वेळा पाहिलेलं नाही. माझी हवालदार दाराशी उभी होती, तिने तोंड फिरवून घेतलं.

चक्कीवाला म्हणाला, "हा मागं एक-दोनदा इकडं याले पाहे साहेब. मामा लोकं गेटातूनच फरफटत घेऊन गेले. मले वाटलं, काई चोराले येते." 

चोरायला काय होतं तिथे? शेवटचा डबा दळून झाला, चक्की बंद पडली. बाबू उठला, हात झटकले आणि आल्या वाटेने परत निघाला. फाटक, अंगण, दालन. खाटेवर आडवा झाला आणि पुन्हा त्याने मनगटं जोडून पुढे केली.

मामाने पट्टी खिशात कोंबली आणि तो मोरीकडे निघून गेला. सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "हा तर परत येतो."

"येतो ना," मी म्हणालो. मला हसूही येत होतं आणि संतापही आला होता.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लहान होता तवा रडला का मी त्याले चक्कीवर नेऊन बसवत होती. चक्की चालू झाली का गप." हे संस्थेत का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "कोनी इचारलं नाई, साहेब."

इथपर्यंत बाबूपुरता प्रश्न सुटला होता. सर स्वतःच म्हणाले, उद्यापासून नाही बांधणार, मामा त्याला चक्कीवर नेऊन आणेल. पण आतल्या दालनांत आणखी दोघं-तिघं जण तशीच बांधली जात होती. एका बाईला खोलीत कोंडत होते. आणि सर उद्या बदलले, मामाच्या जागी दुसरा आला, तर बाबूसुद्धा परत खाटेवर. माझी तर बदली ठरलेलीच. त्यामुळे मी सरांसमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक तर मी गुन्हा दाखल करतो, नाहीतर तुम्ही परवानगीची ही पद्धत मुळापासून बदला आणि ती जिल्ह्याच्या न्यायाधीशांसमोर मान्य करा. सरांनी दुसरी गोष्ट धरली.

जिल्ह्यात गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचं काम एका न्यायाधीश बाईंकडे होतं. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, कोर्टात नको, तिथेच बसू. संस्थेच्या जेवणाच्या दालनात बैठक झाली. समाजकल्याणचे अधिकारी आले, डॉक्टर आले, सर, मामा, बाबूची आई. बाई म्हणाल्या, "बाबू कुठे आहे?" त्याला बोलावलं. तो मामाच्या शेजारी बसला आणि टेबलाच्या फळीवर तळवे ठेवून पाहू लागला, हे थरथरतं की नाही.

मी उभा राहिलो आणि मला जे येत होतं तेच बोललो. "आमच्या ठाण्यात घरफोडी करणारा आणला तर त्याला मनाला येईल तशी बेडी घालता येत नाही. का घातली ते लिहावं लागतं. न्यायालयाला कारण पटलं नाही तर माझीच चौकशी लागते. मागच्या वर्षी घातली होती म्हणून यंदा घालतो, असं म्हणता येत नाही. त्याला अटक केली तर एका दिवसाच्या आत त्याला न्यायाधीशांसमोर उभं करावं लागतं, आणि न्यायाधीश माझ्या पगारावर नसतात."

डॉक्टर जरा तडकले. "तुम्ही चोरांचे नियम आजारी माणसांना लावणार?"

"चोराला मिळतं तेवढं तरी याला मिळू द्या," मी म्हणालो.

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी अजूनही म्हणतो, माझ्या साऱ्या नोकरीत मी इतकं नेमकं वाक्य दुसरं बोललो नाही.

पण सरांनी हार मानली नाही, आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. "परवानगी मागत बसलो आणि तेवढ्यात तो टिप्परखाली गेला तर?" त्यावर मी म्हणालो, टिप्परखाली जाणाऱ्याला धरायला आम्हालाही कोणाची परवानगी लागत नाही. धरा. पण धरून झाल्यावर सोडा, आणि त्याच दिवशी बाहेरच्या माणसाला कळवा की का धरलं होतं. उद्या पुन्हा धरायचं असेल तर उद्याचं कारण उद्या सांगा.

तेवढ्यात मामा बोलला. तो बोलेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. "बाईसाहेब, मले बांध म्हनून सांगतात. सोड म्हनून कोनी सांगत नाई. माह्या मनानं सोडलं आनि काई झालं तं मीच पकडल्या जाईन. म्हनून मी उशिरा सोडतो."

त्याच्या या बोलण्यावर बाईंनी सगळी पद्धत उभी केली. जो बांधणार त्याने परवानगी द्यायची नाही. परवानगी त्या एका माणसापुरती, त्या कारणापुरती, आणि सोडायचं केव्हा हे आधी ठरवून मगच बांधायचं. वेळ संपली की परवानगीही संपली. परवानगी द्यायला डॉक्टर, त्या माणसाचं घरचं कोणीतरी आणि संस्थेचा पगार न घेणारा एक बाहेरचा माणूस बसणार. ज्याला बांधायचं तो स्वतः समोर हजर असणार, बोलता येत नसलं तरी. आणि सगळ्यात आधी, त्याला नेमकं काय हवं आहे हे शोधलं का, याचं उत्तर द्यावं लागणार. समाजकल्याणचे अधिकारी म्हणाले, वरून आदेश यावा लागेल. बाई म्हणाल्या, "वरून येईल तेव्हा येईल. इथून जायला काही हरकत आहे का?" आणि तेही हसून तयार झाले. पुढे जिल्ह्यातल्या इतर संस्थांतही हीच पद्धत गेली. बाहेरची माणसं म्हणून शिक्षक, निवृत्त परिचारिका, एके ठिकाणी तर पोस्टमन बसू लागला.

पहिली कसोटी लवकरच लागली. ती कोंडलेली बाई स्वतःचाच हात चावायची, म्हणून तिचे हात बांधायची परवानगी सरांनी नव्या पद्धतीने मागितली. पूर्वी हे दोन मिनिटांत झालं असतं. आता तिघे तिच्यासमोर बसले. डॉक्टरांनी, ज्यांना चोरांचे नियम पसंत नव्हते त्याच डॉक्टरांनी, तिचं तोंड उघडून पाहिलं. दाढ आतून पूर्ण किडली होती. दाढ काढली आणि चावणं थांबलं. डॉक्टरांनी मला फोन करून हे सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात अशी खुशी होती जशी आम्हाला माल हस्तगत झाल्यावर होते. त्यांनी परवानगी नाकारली होती.

फाटकासमोर गतिरोधक करून घ्यायला मला ग्रामपंचायतीच्या डोक्यावर बसावं लागलं. तेही झालं. सरांनी काळजीवाहकांचा खाकी गणवेश बदलून पांढरा केला. मामाने ती पट्टी काय केली ते मी विचारलं नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, ते सांगतो. माणसाला अडवायची सत्ता मी आयुष्यभर वापरली, आणि ती लागते, यात शंका नाही. पण अशी परवानगी एकदाच काढून कपाटात ठेवायची वस्तू नाही. ती रोज मागावी लागली पाहिजे आणि मागताना माणसाला थोडं जड गेलं पाहिजे. जड जाणं बंद झालं की तिची सवय होते, आणि सवयीला कोणी कारण विचारत नाही. मामा, सर, डॉक्टर, यांतला एकही वाईट नव्हता, तरी एक माणूस वर्षानुवर्षं खाटेला बांधलेला राहिला. वाईट माणूस पकडणं सोपं असतं, साहेब लोकहो. चांगल्या माणसांनी मिळून केलेली गोष्ट पकडायला जास्त डोकं लागतं.

माझ्या बदलीच्या थोडं आधी बाबूची आई ठाण्यात आली. तिची काही तक्रार असेल म्हणून मी अंमलदाराला खुर्ची द्यायला सांगितली. ती खुर्चीच्या कडेवर बसली. चहा घेतला. मग म्हणाली, "साहेब, आता मी त्याच्याकडे गेलती. खाट खाली. माह्यं काळीज धडधडलं. मामाले इचारलं, तं मामा म्हने, बाहेर गेला हाय, येते आता."

मी म्हणालो, "चक्कीवर असेल."

"ते माहीत हाय मले." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. "आमच्या मोहल्ल्यात सगळ्या बायाईले म्हनता येते, पोरगं बाहेर गेलं हाय, येते आता. मले हे म्हनता येत नवतं. आज म्हनता आलं. तेच सांगाले आली तुमच्याकडे."

मी तिला म्हणालो, बसा थोडं, अजून चहा घ्या. तिने पदर सावरला आणि उठली.

"नाई साहेब, येते मी," ती म्हणाली. "पोराचा येन्याचा टाईम झाला."